डेस टॉन्किनचं बोट

नुराबिंगच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं असतं. अख्खा हात हलवतात ते शहरातून आलेले, आणि काहीच न हलवणारे एक तर विम्याचे एजंट, नाहीतर घरून भांडून निघालेले. आपल्या माणसाने तर्जनी तेवढी वर करायची, तीही फार उत्साहाने नाही, जरा आळसावल्यासारखी. तेवढ्यात सगळं येतं. ओळखलं, बरा आहेस ना, माझंही चाललंय. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मुलं बापाच्या शेजारी बसून बघतात आणि पाय क्लचपर्यंत पोचले की आपसूक बोट उचलायला लागतात.

या विद्येत डेस टॉन्किनचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. तो पालिकेचा ग्रेडर चालवायचा, म्हणजे गव्हाच्या शेतांमधले तांबड्या मातीचे रस्ते खरवडून सारखे करायचं ते लांब मानेचं पिवळं धूड. ते चालतं बैलगाडीच्या चालीने. त्यामुळे पंचक्रोशीतली प्रत्येक गाडी डेसला दिवसातून एकदा तरी ओलांडून जायची आणि प्रत्येकाला त्याचं बोट मिळायचं. बोलायच्या बाबतीत मात्र गडी महाकंजूष. त्याची बायको नोरीन चारचौघांत सांगायची, "याने मला लग्नाचं विचारलं की नाही, मला अजून नक्की आठवत नाही. मी होय म्हटल्याचं तेवढं आठवतंय."

आणि कंजूष होता म्हणूनच त्याच्या बोटाला किंमत होती. तो ते उगाच उधळायचा नाही. पोस्टातल्या ब्रेंडाला त्याने बोट दाखवणं बंद केलं होतं, कारण त्याच्या मूळव्याधीच्या मलमाचं पार्सल आलं तेव्हा तिने ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात नाव वाचून दिलं होतं. आणि दुसरा होता रॉस. रॉस म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ.

दहा-अकरा वर्षांपूर्वी झालं ते असं. आमच्याकडे दुसऱ्याच्या शेतातून जाताना गेट जसं सापडेल तसंच ठेवायचं, हा नियम देवाच्या दहा आज्ञांच्या वरचा आहे. उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद. डेस एकदा रॉसच्या शेतातून मधल्या वाटेने गेला आणि त्याच दुपारी रॉसचे एडके मेंढ्यांच्या कळपात शिरले. कोकरं भलत्याच ऋतूत, ऐन उन्हाळ्यात, जन्माला आली आणि निम्मी उन्हाने गेली. रॉस म्हणाला, तू गेट उघडं टाकलंस. डेस म्हणाला, मला ते उघडंच सापडलं. तिथवर ठीक होतं. पण रॉस पुढे म्हणाला, "रस्ते खरवडणाऱ्याला शेतातलं काय कळणार!" डेसने आपल्या वाट्याची जमीन कधीच रॉसला विकून पालिकेची नोकरी धरली होती, त्यामुळे ते वाक्य नेमकं जिथे लागायचं तिथे लागलं. तो तसाच निघून आला. दुसऱ्या दिवशी रस्त्यात दोघे समोरासमोर आले, तेव्हा दोघांचेही दोन्ही हात स्टिअरिंगवर खिळे ठोकल्यासारखे घट्ट. तेव्हापासून ते तसेच होते.

भांडण म्हटलं की माणसांना तलवारी आठवतात. आमच्याकडची भांडणं अशी असतात, न उचललेल्या बोटांची. बाहेरच्याला कळतही नाहीत. पण ज्याला रोज ते बोट दिसत नाही, त्याचा घास जरा कमी जातो. डेसचा जायचा. नोरीनला तो रॉसच्या बाजूचा रस्ता करून आला की न सांगता कळायचं, कारण त्या संध्याकाळी तो कुत्र्याशीसुद्धा बोलायचा नाही.

यंदा हिवाळ्यात बातमी आली की रॉसने शेत विकलं. गुडघे गेले होते, बायको वारून तीन-चार वर्षं झाली होती, मुलगी समुद्राकाठी आल्बनीला होती, ती बोलावत होती. वसंतात जमीन नव्या मालकाच्या ताब्यात जायची आणि रॉस कायमचा जायचा.

"जाऊन भेट," नोरीन म्हणाली.

"तो मोठा आहे. त्याने यावं."

"मोठा आहे म्हणूनच त्याचे गुडघे गेलेत, डेस. तुझे धड आहेत."

डेसने पेपर वर धरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. पण पेपर उलटा होता हे नोरीनने पाहिलं.

त्याच आठवड्यात भोपळ्याचं झालं. आमच्याकडचा राखाडी सालीचा भोपळा काही साधी भाजी नाही. तो कापायला काही घरांत कुऱ्हाड वापरतात, काही जण पायरीवरून आपटतात. नोरीनला सूप करायचं होतं. ती म्हणाली, "बाहेर नेऊन आपट." डेस म्हणाला, "सुरी कशाला असते मग?" आणि सुरी सालीवरून जी घसरली ती सरळ उजव्या हाताच्या तर्जनीवर, सांध्याच्या वरच. बोट उचलणारी शीर तुटली. तालुक्याच्या इस्पितळात शिवली आणि डॉक्टरणीने बोटाला खालून कातडीच्या रंगाची प्लॅस्टिकची पट्टी बांधून दिली. बोट ताठ, वर, आणि असंच दीड-दोन महिने.

"वाकवायचं नाही," ती म्हणाली. "झोपेतही नाही. आणि गाडी चालवायची नाही."

पहिल्या दोन गोष्टी डेसने ऐकल्या. तिसरी त्याने इतक्या सहज सोडून दिली की जणू तिने श्वास घेऊ नका म्हटलं होतं. ग्रेडरचे दांडे त्या हाताने हलेनात, म्हणून पालिकेने त्याला हलकं काम दिलं: छोटा ट्रक घेऊन फिरायचं आणि कुठला रस्ता किती खचला ते बघायचं. चार बोटांनी स्टिअरिंग, आणि पाचवं वर.

आता काय होणार हे कुणालाही कळलं असतं. डेसला ते दुपारी कळलं. सकाळपासून तो ज्याला त्याला, ओळखीच्या-बिनओळखीच्या, आवडत्या-नावडत्या सगळ्यांना बोट दाखवत सुटला होता. इथल्या काचांवर इतकी धूळ असते की समोरच्याला पट्टी कसली दिसते! दिसायचं ते एवढंच, की डेस टॉन्किनचं बोट वर आहे.

पहिला बळी ब्रेंडा. तिला वाटलं, माफी मिळाली. मूळव्याधीचं प्रकरण झाल्यापासून ती मनातून खजील होती, पण बोलायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी ती नोरीनच्या दारात पार्सल घेऊन स्वतः हजर. वर हळू आवाजात म्हणाली, "डेसला सांग, आता मी नावं मोठ्याने वाचत नाही." नोरीनने तिला चहा दिला. ब्रेंडा मग दीड तास उठली नाही, आणि तिच्याकडून नोरीनला गावाची सालभराची राहिलेली सगळी बित्तंबातमी मिळाली. "भोपळ्याने माझं भलं केलं," नोरीन म्हणाली.

दुसरे मिस्टर लाम. त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद पडलेली बेकरी घेतली होती. मूळचे व्हिएतनामचे, बायको-मुलांसकट मेलबर्नहून आलेले. त्यांच्या मीट-पायला, म्हणजे मांसाचं सारण भरून भट्टीत भाजलेल्या कचोरीसारख्या पदार्थाला, गावाने कधीच पसंतीची पावती दिली होती, फडशा पाडून. पण रोज पहाटे पाव घेऊन आजूबाजूच्या वाड्यांवर जाणाऱ्या त्यांच्या पांढऱ्या व्हॅनला कुणी बोट उचलत नसे. दुष्टपणा नव्हता त्यात. पांढरी व्हॅन म्हणजे बाहेरची, एवढंच डोक्यात बसलेलं. ज्याच्या हातचं रोज खातो त्याला रोज ओळखलं नाही, असला निष्काळजीपणा. माझ्या मते तो दुष्टपणापेक्षा फार बरा नाही.

डेसचं बोट लामांना पहिल्या दिवशी दिसलं तेव्हा त्यांना वाटलं, मागच्या गाडीला असेल. दुसऱ्या दिवशी मागे गाडी नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपलं बोट उचलून बघितलं. डेसचं तर वर होतंच! मग लाम भेटेल त्याला बोट उचलायला लागले, आणि उचललेल्या बोटाला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला आत ये न म्हणणं. लोक उत्तर देऊ लागले. पंधरवड्यात गावाला आठवेना की ही व्हॅन कधी परकी होती. वणवा विझवणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीत एक जागा होती, त्यांनी लामांना विचारलं. इतकी वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, तो कशाला घाबरतोय!

एका रविवारी लाम खोक्यात मीट-पाय घेऊन डेसच्या घरी आले. "मिस्टर टॉन्किन," ते म्हणाले, "दोन वर्षं मी या रस्त्यांवरून जातोय. तुम्ही पहिले. माझ्या बायकोने मुद्दाम पाठवलंय हे."

डेसचे कान लाल झाले. "अहो, त्याचं असं आहे, की हे बोट..."

नोरीनने टेबलाखालून त्याच्या नडगीवर असा नेम धरला की वाक्य तिथेच संपलं.

"बोट दुखतंय त्याचं," ती म्हणाली. "बसा ना तुम्ही."

लाम गेल्यावर डेस म्हणाला, "ही फसवणूक आहे, नोरीन. मी काहीच केलेलं नाही."

"तेच तर. इतकी वर्षं काहीच केलं नाहीस आणि आता कुठे गाव सुधारतंय, तर तुझी वाचा फुटतेय. खा गपचूप."

मीट-पाय उत्तम होता. डेसने तो खाल्ला, पण मनात खडा टोचत राहिला. आणि या सगळ्यात ज्याचं नाव दोघेही घेत नव्हते तो रॉस अजून रस्त्यात भेटायचाच होता.

भेटला तो एका मंगळवारी, धान्याच्या कोठारांजवळच्या वळणावर. वळणामुळे गाडी एकदम समोर आली. डेसला हात खाली घ्यायला वेळच मिळाला नाही. त्याचं बोट वर, दिवसाउजेडी, सख्ख्या वैऱ्यासमोर. रॉसची गाडी जराशी हेलकावली. आणि गाड्या एकमेकींना ओलांडायच्या क्षणी रॉसचं बोट वर आलं.

डेस पुढे जाऊन एका झाडाखाली थांबला आणि इंजिन बंद करून बराच वेळ बसून राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. हे त्याने नोरीनला सांगितलं नाही, पण नोरीनने ते मला सांगितलं, म्हणजे तिला कळलं असणार.

मग रोजच होऊ लागलं. रॉस सामानाची आवराआवर करत होता, तालुक्याला फेऱ्या मारत होता. डेसचेही रस्ते कसे कोण जाणे, बरेच त्या बाजूचेच खचायला लागले. दिवसातून एकदा, कधी दोनदा, बोटाला बोट. डेस घरी शीळ घालायला लागला. कुत्र्याला हवामानाबद्दल सांगायला लागला. आणि रात्री मात्र तळमळायचा.

"त्याला वाटतंय मी उचललं," तो नोरीनला म्हणाला. "मी उचललंच नाही. प्लॅस्टिकने उचललंय. तो मोठा असून नमला, आणि मी? मी भोपळ्याच्या जिवावर भाऊ परत मिळवतोय."

"मग सांग जाऊन त्याला."

"सांगितलं आणि त्याने बोट खाली घेतलं तर?"

नोरीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पट्टी सुटल्यावर स्वतः उचल. म्हणजे फिट्टंफाट."

डेसला ते पटलं. हिशेब सोपा होता: पट्टी सुटायची सोमवारी, रॉस जायचा त्या आठवड्याच्या शेवटी. एकदा, फक्त एकदा, आपल्या मनाने आपलं बोट उचलायचं, की मग ते खरं. तो दिवस मोजत बसला.

सोमवारी डॉक्टरणीने पट्टी काढली. बोट फिकट, सुरकुतलेलं, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखं. "उचला बघू," ती म्हणाली. डेसने जोर केला. बोट जागचं हललं नाही.

"होतं असं," ती म्हणाली. "शीर चिकटून बसते. व्यायाम करा, दोन-तीन महिन्यांत येईल."

"दोन-तीन महिने?"

"घाई कसली आहे तुम्हाला?"

डेसने टोपी उचलली आणि तो बाहेर पडला.

परतताना तो रस्ताभर त्या बोटाला शिव्या घालत होता. दुसऱ्या हाताने उचलावं? डाव्या हाताचं बोट कुणी उचलत नाही, तो हात गिअरवर असतो. अख्खा हात हलवावा? रॉसला वाटेल टवाळी करतोय. तो अजून विचारातच होता, तोच कोठारांजवळच्या वळणावर रॉसची गाडी आली.

रॉसचं बोट वर होतं.

डेसने जीव एकवटून जोर लावला. कोपर हललं, खांदा हलला, तोंड वाकडं झालं. बोट नाही. आरशात त्याने रॉसची गाडी लांब जाताना बघितली, आणि जोरात वेग घेऊन गेल्यासारखी त्याला ती वाटली. संपलं. बोट देऊन काढून घेतलं. याच्याइतकं वाईट आमच्याकडे काही नाही, मेंढ्या मेल्या तरी परवडल्या.

पुढे जे झालं ते कोठारावर काम करणाऱ्या माणसांनी पाहिलं आणि त्यांना ते महिनाभर पुरलं. साठी उलटलेल्या डेस टॉन्किनने पालिकेचा ट्रक भर रस्त्यात गर्रकन वळवला, तो स्वतःच सारखा केलेला रस्ता चाकांनी उकरत, आणि भावाच्या मागे लागला. हॉर्न वाजवतोय, दिवे लावतोय, तांबड्या धुळीचा ढग आकाशाला टेकलाय. कुणीतरी वणव्याच्या तुकडीला फोन करायलाही निघालं होतं.

रॉस थांबला. दार उघडून, गुडघ्यांना हातांचा टेकू देत हळूहळू उतरला. "कुठे पेटलंय?" त्याने विचारलं.

डेस धापा टाकत समोर उभा राहिला. अकरा वर्षांत भावाशी बोललेलं पहिलं वाक्य काय असावं याची त्याने कितीतरी तयारी केली होती. तोंडातून बाहेर पडलं ते असं:

"हे वर होत नाही!"

आणि त्याने ते सुरकुतलेलं बोट रॉसच्या नाकासमोर धरलं.

रॉसने बोटाकडे बघितलं, डेसकडे बघितलं. "मग?"

"मग म्हणजे? मी आत्ता उचललं नाही ते मुद्दाम नाही, एवढं सांगायला आलोय. आणि हेही सांगतो, आता सुरुवात केलीच आहे तर. आधी उचलत होतो तेही मी नव्हतो. ती पट्टी होती. डॉक्टरने बांधलेली. सगळ्या गावालाच उचललं जात होतं. तुलाही त्यातच. मी फसवलं तुला, रॉस." एका दमात एवढं तो आयुष्यात बोलला नव्हता. त्याचा त्यालाच थकवा आला.

रॉसने टोपी काढून कपाळ पुसलं. "पट्टी होती ते मला माहीत होतं."

"काय?"

"पहिल्या दिवशीच दिसली. एक बोट दुसऱ्याच्या दुप्पट जाड. माझे गुडघे गेलेत रे, डोळे नाही गेले. शिवाय ब्रेंडाने भोपळ्यापासून सगळं सांगितलं होतं."

"मग तू कशाला उचललंस?"

टोपीची कड बोटांनी फिरवत रॉस शेताकडे बघत राहिला. गहू गुडघ्याएवढा झाला होता, आणि तो आता त्याचा नव्हता.

"तुझं बांधलेलं होतं, डेस," तो शेवटी म्हणाला. "माझं कुणी बांधलं होतं?"

डेसने ते निकामी बोट दुसऱ्या मुठीत धरलं आणि मान खाली घातली. साठीतला माणूस, रस्त्याच्या मधोमध, लहान पोरासारखा रडत होता. रॉसने इकडेतिकडे पाहिलं, कारण आमच्याकडे अशा वेळी काय करायचं ते कुणाला येत नाही. मग लंगडत दोन पावलं पुढे आला आणि भावाच्या मानेवर आपला राकट पंजा ठेवला.

"चल घरी," तो म्हणाला. "किटली तेवढी अजून बांधलेली नाही."